डेटाबेस-कनेक्टरांचे एकत्रीकरण : पीएचपीच्या इतिहासातून काही बोध

महाविद्यालय दिंडोशीचे असो वा दापोलीचे, प्रवेश, शुल्क व निकाल यांच्या संगणकप्रणाली टप्प्याटप्प्याने वाढत जातात. निरनिराळ्या काळी निरनिराळ्या व्यक्तींनी काम केल्यामुळे एकाच प्रणालीत, एकाच डेटाबेसशी संपर्क साधणारे दोन-तीन कनेक्टर नांदू लागतात. त्यांचे एकत्रीकरण का व कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पीएचपी या भाषेचा इतिहास येथे मार्गदर्शक ठरतो. मायएसक्यूएल डेटाबेससाठी तिच्यात प्रथम ‘मायएसक्यूएल’ याच नावाचे एक्स्टेन्शन होते. २००४ मध्ये ‘मायएसक्यूएलआय’ आणि २००५ मध्ये अनेक डेटाबेसांना समान पद्धतीने जोडणारे ‘पीडीओ’ यांची भर पडली. तिन्हींचे कार्य बव्हंशी एकच होते. २००९ च्या ५.३ आवृत्तीत तिन्हींना वापरता येईल अशी ‘मायएसक्यूएलएनडी’ ही समाईक लायब्ररी आली. २०१३ पासून जुने एक्स्टेन्शन वापरणाऱ्यांना पूर्वसूचना मिळू लागली आणि डिसेंबर २०१५ च्या ७.० आवृत्तीतून ते वगळण्यात आले. आधी पाया एक, मग पूर्वसूचना, शेवटी उच्चाटन, असा हा क्रम होय.

स्थित्यंतर अर्धवट राहिल्यास दोन धोके संभवतात. पहिला धोका व्यवहाराच्या अखंडतेचा. प्रत्येक कनेक्टर स्वतंत्र जोडणी उघडतो. एका जोडणीवरील ट्रान्झॅक्शन दुसरीवरील नोंदींना लागू होत नाही. त्यामुळे बिघाड होऊन प्रवेशाची नोंद मागे घेतली गेली, तरी दुसऱ्या जोडणीने केलेली शुल्काची नोंद कायम राहू शकते. दुसरा धोका लिपीचा. वर्णसंच प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्रपणे ठरतो. एकीवर युटीएफ-८ व दुसरीवर लॅटिन-१ असल्यास विद्यार्थ्याचे देवनागरी नाव एका पडद्यावर शुद्ध, तर दुसऱ्यावर अनाकलनीय चिन्हांत दिसते.

यास्तव प्रथम डेटाबेसला हाक देणाऱ्या सर्व ठिकाणांची यादी करावी. त्यानंतर जोडणी व वर्णसंच एकाच मध्यवर्ती फाइलमध्ये निश्चित करून प्रत्येक हाक तिच्याद्वारे वळवावी. केवळ फंक्शनची नावे बदलणे पुरेसे नाही. जुन्या पद्धतीत क्वेरी आधी व जोडणी नंतर लिहीत. ‘मायएसक्यूएलआय’च्या फंक्शनांत हा क्रम उलटा आहे. याच वेळी ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ स्वीकारल्यास एसक्यूएल इंजेक्शनपासूनही संरक्षण मिळते. प्रत्येक बदलानंतर चाचणी घ्यावी आणि एकही हाक उरली नाही याची खात्री झाल्यावरच जुना कनेक्टर काढावा.

नवीन कनेक्टर आणणे सोपे असते. जुना निरोप देऊन काढणे कठीण. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे मूल्यमापन करताना या दुसऱ्या कौशल्यासही गुण असावेत.