गांजाचा तुरा आणि मुळासकट वजन

‘गांजाच्या शेतीवर छापा, लाखोंचा मुद्देमाल जप्त’ ही बातमी दर हंगामात येते. धुळे जिल्ह्यातला शिरपूर तालुका, सातपुड्याचा पायथा. फोटोत उपटलेल्या हिरव्या झाडांचा ढीग आणि त्यामागे ओळीने उभे अधिकारी. बी कुणी दिले, पैसा कुणी लावला, माल कोण उचलणार होता, यातले काहीही बातमीत नसते. असते ते फक्त वजन! आणि या वजनावरच एखाद्या आदिवासी कुटुंबाची वीस वर्षे टांगलेली असतात.

नशेचे समर्थन आम्ही करीत नाही. गांजा आमच्या वस्त्यांतल्या पोरांचे काय करतो ते आम्ही रोज पाहतो. पण गुन्हा किती मोठा, हे ठरविणारा काटा तरी सरळ असावा की नाही?

त्यासाठी हे पीक समजून घेतले पाहिजे. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. गांजा म्हणजे मादी झाडाचा तुरा. नराचे पराग पडून तुऱ्यात बी भरले की त्याचा कस उतरतो. इंग्रजांच्या काळात बंगालमधील नौगाव येथे (ते आज बांगलादेशात आहे) सरकारी परवान्याने गांजा पिकत असे. तेथे नर झाडे ओळखून उपटणारे जाणकार शेतोशेत फिरत. त्यांना ‘पोद्दार’ म्हणत. तुऱ्यावरचे पांढरे तंतू तांबूस झाले, खालची पाने पिवळी पडून गळू लागली, की काढणीची वेळ आली. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने या शेतीची बारकाईने नोंद केली आहे. सरकार त्यावर महसूल घेत होते, तोवर ही पारख हुन्नर होती!

आता कायदा पाहू. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचा किंवा फळधारणेचा शेंडा. शेंड्यासोबत नसलेली पाने आणि बिया त्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणूनच उत्तर प्रदेश, राजस्थानात पानांची भांग परवान्याच्या दुकानात मिळते. झाड लावणे हा वेगळा गुन्हा. त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. परंतु २००१ च्या अधिसूचनेप्रमाणे वीस किलोपेक्षा जास्त गांजा ‘व्यापारी प्रमाण’ ठरतो. मग शिक्षा किमान दहा, कमाल वीस वर्षे, आणि कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ बंद.

आता छाप्याकडे वळा. झाडे मुळासकट उपटली, मातीसह, ओली, खोड-फांद्या-पाने धरून काट्यावर टाकली, की वीस किलो व्हायला कितीशी झाडे लागतात? तुरीचे झाड मुळासकट तोलून त्याला कुणी तुरीचे वजन म्हणत नाही. बाजार समितीत असा काटा मारला तर शेतकरी व्यापाऱ्याची गचांडी धरेल! पीक फुलोऱ्यावर आले होते की नाही, हेही अनेकदा कुणी विचारत नाही. झाड कोवळे असेल, तुरा धरलाच नसेल, तर व्याख्येतला गांजा आला कुठून? २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने याच व्याख्येवर बोट ठेवून एका आरोपीला जामीन दिला. पण तेवढ्या पायऱ्या चढायला वकील लागतो, पैसा लागतो.

गंमत पाहा, याच झाडाच्या औद्योगिक लागवडीला उत्तराखंडाने २०१८ साली परवाना दिला. तेथे नशेच्या घटकाची मर्यादा ०.३ टक्के. म्हणजे उद्योगासाठी झाड प्रयोगशाळेत तपासायचे आणि शिरपूरच्या पाड्यावर नुसता काटा लावायचा.

तेव्हा अशा खटल्यात उभ्या राहणाऱ्या वकिलांना आणि कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. प्रथम पंचनामा मागा. झाडांना तुरा होता असे लिहिले आहे काय? तुरे वेगळे करून तोलले काय? माती झटकली होती काय? कलम ५२-अ प्रमाणे यादी आणि नमुने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर झाले काय? आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ ने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. जिल्हा न्यायालयातच त्यांचे कार्यालय असते. अर्ज तेथे द्यायचा, सोबत जातीचा दाखला जोडायचा. आरोपी तुरुंगात असेल तर तुरुंगातूनही तो अर्ज करता येतो.