बर्फ झटकणारे पंख

(विमानाच्या पंखांवर साचणारा बर्फ धोकादायक का असतो आणि तो थोड्या शक्तीने कसा काढता येतो, याची माहिती या पाठात दिली आहे.)

बर्फ म्हटला की आपल्याला थंडगार सरबत आठवते. पण हाच बर्फ विमानाच्या पंखांवर बसला, तर तो विमानाचा शत्रू होतो.

१३ जानेवारी १९८२ ची गोष्ट. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे हिमवृष्टी होत होती. एअर फ्लोरिडा कंपनीच्या एका विमानाने उड्डाण केले. त्याच्या पंखांवर बर्फ साचला होता. इंजिनात बर्फ होऊ न देणारी यंत्रणाही बंद होती. विमानाला पुरेशी उंची गाठता आली नाही. अर्ध्या मिनिटातच ते एका पुलावर आदळले आणि पोटोमॅक नदीच्या गोठलेल्या पाण्यात कोसळले. विमानातील ७४ आणि पुलावरील ४ माणसे मृत्युमुखी पडली.

बर्फाच्या वजनामुळे विमान खाली येते, असे तुम्हांला वाटेल. पण वजन हे मुख्य कारण नाही. पंखाला खास आकार दिलेला असतो. विमान वेगाने पुढे जाते, तेव्हा पंखाच्या वरून व खालून हवा वाहते आणि पंख वर उचलला जातो. पंखाच्या पुढच्या कडेवर बर्फाचा खडबडीत थर बसला, की हा आकार बिघडतो. मग हवा नीट वाहत नाही. पंखाला उचलणारे बल कमी होते आणि हवेचा अडथळा वाढतो.

मुंबईत हिमवृष्टी होत नाही, मग तेथे हा धोका कसा असेल? पण जसजसे उंच जावे, तसतशी हवा थंड होत जाते. मुंबईत उकाडा असला, तरी सहा किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशाच्या खाली असते. तेथील ढगांत पाण्याचे बारीक थेंब असतात. ते इतक्या थंडीतही न गोठता राहू शकतात. मात्र विमान त्यांच्यावर आदळले, की ते पंखाला चिकटून गोठतात.

हा बर्फ काढण्याचे काही उपाय पूर्वीपासून आहेत. १९३० नंतरच्या काळात पंखाच्या कडेवर रबराचे आवरण बसवू लागले. त्यात हवा भरली, की ते फुगते आणि बर्फ फुटतो. जेट विमानांत इंजिनातील गरम हवा पंखाच्या कडेत खेळवतात. हा उपाय चांगला आहे, पण खर्चाचा आहे. १ ग्रॅम बर्फ वितळवण्यासाठी सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेने १ ग्रॅम पाणी ० अंशापासून ८० अंशांपर्यंत तापते! शिवाय बाहेरची थंड हवा ही उष्णता सारखी पळवून नेते.

मग बर्फ वितळवलाच पाहिजे का? फ्रिजमधला बर्फाचा ट्रे आठवा. त्यावर पाणी सोडून बर्फ सुटा करता येतो. पण ट्रे हातांनी जरासा पिळला, तरी बर्फाचे तुकडे टक्कन सुटतात. बर्फ कडक असतो, पण ठिसूळही असतो. ज्या पृष्ठभागाला तो चिकटलेला असतो, तोच हलला, की बर्फाला तडे जातात.

हीच कल्पना रुडॉल्फ गोल्डश्मिट यांनी १९३७ साली लंडनमध्ये मांडली. पंखाच्या पत्र्यामागे तांब्याच्या पट्टीचे चपटे वेटोळे बसवतात. धारित्रात साठवलेली वीज त्यातून एका क्षणात सोडतात. त्यामुळे वेटोळे व पत्रा एकमेकांना जोराने दूर ढकलतात. पत्रा अगदी थोडा, पण झटक्याने हलतो. बर्फ फुटतो आणि वारा तो उडवून नेतो. वीज क्षणभरच वापरली जाते, म्हणून खर्च कमी होतो. सोव्हिएत संघाच्या इल्युशिन–८६ या मोठ्या प्रवासी विमानात ही पद्धत वापरली गेली.

दुसरी पद्धत कंपनांची आहे. गॅसच्या लायटरची कळ दाबली, की ठिणगी पडते. काही स्फटिकांवर दाब दिला, की वीज निर्माण होते. हा गुण झाक व पिएर क्युरी या भावांनी १८८० साली शोधला. उलट, अशा स्फटिकांना वीज दिली, तर ते किंचित आकुंचन व प्रसरण पावतात. असे स्फटिक पत्र्याला आतून चिकटवले, तर पत्रा थरथरू लागतो. झोका योग्य वेळी हलकेच ढकलला, तरी उंच जातो. तसेच पत्र्याच्या स्वाभाविक कंपनांशी ताल जुळला, की थोड्या विजेत मोठी थरथर होते आणि बर्फाची पकड सुटते.

या पद्धतींतही अडचणी आहेत. फार पातळ थर सहज सुटत नाही. वारंवार हलून धातू कमकुवत होऊ शकतो. सुटलेल्या तुकड्यांचाही धोका असतो. २७ डिसेंबर १९९१ रोजी स्वीडनमध्ये एका विमानाच्या पंखांवरील बर्फ सुटून मागच्या दोन्ही इंजिनांत शिरला. दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी विमान शेतात उतरवले आणि सर्व १२९ जण वाचले. म्हणून बर्फ पातळ असतानाच आणि बारीक तुकड्यांत सुटणे आवश्यक असते.

स्फटिकांच्या पद्धतीवर अजून संशोधन चालू आहे. जे काम पुष्कळ उष्णतेने होते, तेच योग्य जागी, योग्य वेळी दिलेल्या लहानशा झटक्यानेही होऊ शकते. शक्ती किती लावली, यापेक्षा ती कशी लावली, याला अधिक महत्त्व आहे.

शब्दार्थ
हिमवृष्टी – बर्फ पडणे
ठिसूळ – सहज फुटणारे
धारित्र – वीज साठवणारे साधन
आकुंचन – लहान होणे, आखडणे
प्रसरण – मोठे होणे, पसरणे

स्वाध्याय
१. पंखावरील बर्फामुळे विमानाला उडणे कठीण का होते?
२. बर्फाच्या ट्रेचे उदाहरण लेखात कशासाठी दिले आहे?
३. स्वीडनमधील घटनेवरून कोणती गोष्ट लक्षात येते?