पंखावरचें पांढरें

वाळक्या फांदीवर चोचीनें ठोके देणारा सुतारपक्षी शहरांतील बागांतूनहि दिसतो. परंतु उत्तर अमेरिकेच्या अरण्यांत या कुळांतील दोन पक्षी कावळ्याएवढे किंवा त्याहूनहि मोठे. पहिल्याची चोच हस्तिदंतासारखी पांढरी, म्हणून इंग्रजींत त्यास आयव्हरी-बिल्ड म्हणतात. त्याला येथें हस्तिदंती सुतार म्हणूं. लांबी सुमारें २० इंच. दुसरा पायलिएटेड, म्हणजे टोपीवाला. लांबी १६ ते १९ इंच. दोघेहि काळे, दोघांच्याहि मानेवर पांढरा पट्टा आणि डोक्यावर तुरा. टोपीवाला आज अमेरिकेंत व कॅनडांत पुष्कळ आढळतो. हस्तिदंती मात्र पृथ्वीवर उरला आहे कीं नाहीं, याचाच वाद आहे. म्हणून एकास दुसरा समजणें ही येथें क्षुल्लक चूक ठरत नाहीं.

तर मग दोघांस ओळखावें कसें? प्रथम पांढरा रंग कोठें आहे तें पाहावें. हस्तिदंतीच्या पंखांची मागली कड पांढरी असते. तो पंख मिटून खोडावर बसला म्हणजे ही कड पाठीवर येते आणि पाठीच्या खालच्या भागावर पांढरी ढाल बांधल्यासारखी दिसते. टोपीवाल्याच्या पंखांखालींहि पांढरें पुष्कळ आहे, पण तें पुढच्या बाजूस. मागली कड काळी. त्यामुळें तो बसला कीं पाठ काळी दिसते आणि उडाला कीं एकाएकीं पांढरें चमकतें. नवखा मनुष्य फसतो तो येथेंच.

टोपीवाल्याची चोच काळसर करडी. परंतु उन्हांत तीहि पांढरी भासते, म्हणून एकट्या चोचीवर विसंबूं नये. हस्तिदंतीची हनुवटी काळी, टोपीवाल्याची पांढरी. टोपीवाल्यांत नर व मादी दोघांचाहि तुरा तांबडा. हस्तिदंतीच्या नराचा तांबडा, पण मादीचा काळा.

इतकें साम्य असूनहि हे सख्खे भाऊ नव्हत. टोपीवाल्याचा जवळचा आप्त म्हणजे गोव्यापासून दक्षिणेकडे सह्याद्रीच्या दाट रानांत राहणारा, पांढऱ्या पोटाचा मोठा काळा सुतार. हस्तिदंतीचें नातें मात्र सह्याद्रींतल्याच मोठ्या सोनपाठी सुताराशीं अधिक जवळचें आहे.

डोळे फसले तर कान उपयोगी पडतात. टोपीवाला 'कुक्-कुक्-कुक्' असा खिदळल्यासारखा ओरडतो आणि लांकडावर ताशा वाजवतो. त्याचा नाद शेवटीं मंद होत जातो. हस्तिदंतीची हांक मुलांच्या पत्र्याच्या पिपाणीसारखी, आणि लांकडावर दोनच ठोके. दुसरा पहिल्याचा प्रतिध्वनि वाटावा इतका लगोलग. ती हांक आज ऐकावयास मिळते ती १९३५ सालच्या ध्वनिमुद्रणामुळें. कॉर्नेल विद्यापीठाचे आर्थर ॲलन व त्यांचे सहकारी यांनीं लुइझियानांतील सिंगर ट्रॅक्ट नांवाच्या अरण्यांत खेचरांच्या गाडीवरून जड यंत्रें नेऊन ती टिपली. तें अरण्य शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीच्या मालकीचें होतें.

नुकत्याच वठलेल्या झाडांची साल सोलून आंतील भुंग्यांच्या अळ्या खाणें, हा हस्तिदंतीचा मुख्य आहार. अशीं झाडें पुरेशीं मिळतात तीं विस्तीर्ण, जुन्या अरण्यांत. टोपीवाला लांकडांतील मुंग्यांवर राहतो. तोडीनंतर नव्यानें वाढलेल्या रानांतहि त्याचें भागतें. कुऱ्हाड चालली तेव्हां एक उपाशी पडला आणि दुसरा तगला. सिंगर ट्रॅक्टहि तोडलें गेलें. १९४४ च्या एप्रिलांत चित्रकार डॉन एकलबेरी यांनीं तेथें एकटी उरलेली मादी पाहिली. अमेरिकेंतील सर्वमान्य असें तें अखेरचें दर्शन होय.

पुढें २००४ सालीं आर्कान्सा संस्थानांतील दलदलींत घेतलेल्या कांहीं सेकंदांच्या अस्पष्ट चलच्चित्रांत एक मोठा सुतार उडून जातांना दिसला. हस्तिदंती जिवंत आहे, असें २००५ मध्यें 'सायन्स' या नियतकालिकांतून जाहीर झालें आणि पक्षिप्रेमी मंडळींस आनंद झाला. परंतु २००६ मध्यें डेव्हिड सिब्ली प्रभृति तज्ज्ञांनीं आक्षेप घेतला कीं, चित्रांतील पांढरें हें हस्तिदंतीच्या पंखाची मागली कड नसून टोपीवाल्याच्याच पंखाची खालची बाजू आहे. त्यानंतर वर्षानुवर्षें शोध झाला, तरी सर्वांस पटेल असें स्वच्छ छायाचित्र हातीं आलें नाहीं. २०२१ सालीं अमेरिकन सरकारच्या वन्यजीव खात्यानें ही जाति नष्ट झाल्याचें ठरविण्याचा प्रस्ताव मांडला. पण २०२३ सालीं २१ जातींबाबत तसा निर्णय झाला, तेव्हां हस्तिदंतीचें नांव त्यांत घातलें नाहीं.

या सावधगिरीस कारण आहे. जिवंत जातीस मृत ठरविलें तर कायद्याचें संरक्षण जातें. मृत जातीस जिवंत मानलें तर इतर दुर्मिळ जीवांच्या वांट्याचे श्रम व पैसा तिच्यामागें जातो. म्हणून असा पक्षी ज्यास दिसेल त्यानें पुस्तक उघडण्यापूर्वींच लिहून ठेवावें कीं, पांढरें पंखाच्या पुढें होतें कीं मागें, आणि पक्षी बसला तेव्हां पाठ कोणत्या रंगाची दिसली. पुस्तकांतील चित्र आधीं पाहिलें, तर जें पाहण्याची इच्छा असते तेंच पाहिल्याचें मनुष्यास आठवूं लागतें.