पावसाळ्यात मुंबईला जाताना

जून संपता संपता इथल्या शाळांना सुट्टी लागते आणि आपल्या मंडळींची भारतवारी सुरू होते. मुंबईचा पावसाळाही नेमका याच दिवसांतला. हवामान खात्याच्या हिशेबाने तो ११ जूनच्या सुमारास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. म्हणजे शाळकरी मुले असलेल्या कुटुंबाला मुंबई भेटते ती ओलीचिंबच! "आम्ही तिथेच वाढलो, आम्हाला काय सांगता?" असे आपल्यापैकी बरेच जण म्हणतील. मीही म्हणत होते. ते कसे अंगाशी आले, ते पुढे सांगते.

आधी हवेविषयी. जुलैत मुंबईचे तापमान दिवसा ३० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ८६ फॅरनहाइटच्या आसपास असते. अ‍ॅरिझोनात राहणाऱ्यांना हा आकडा ऐकून हसू येईल. पण आपले शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे. मुंबईच्या हवेत आधीच एवढे बाष्प असते की घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. रात्रीही पारा २५ अंशांच्या फारसा खाली जात नाही, त्यामुळे शरीराला विसावा मिळत नाही. इथे जन्मलेली मुले पहिले तीन-चार दिवस चिडचिडी होतात, त्याचे निम्मे कारण हेच असते (उरलेले निम्मे जेट लॅग!). त्या दिवसांत गाठीभेटींचा कार्यक्रम हलका ठेवावा आणि उकळलेल्या पाण्याचे लिंबूसरबत, मीठ-साखर घालून, वरचेवर द्यावे.

आता पाऊस. न्यू जर्सीत वर्षभरात साधारण ४५ ते ५० इंच पाऊस पडतो. मुंबईच्या उपनगरांत एकट्या जुलैत ३० इंचांहून अधिक पडतो. २६ जुलै २००५ रोजी तर सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे ३७ इंच कोसळला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ३ इंच! तेव्हा "आमच्याकडे फारसा नाही" या फोनवरच्या निरोपावर विसंबून शहराच्या दुसऱ्या टोकाला निघू नये. दुसरी गोष्ट भरतीची. मोठी भरती असली की गटारांचे पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की सखल भागांत पाणी तुंबते आणि लोकल अडकतात. भरतीच्या वेळा वर्तमानपत्रात येतात. परतीच्या विमानाच्या दिवशी त्या पाहून, हाताशी भरपूर वेळ ठेवून घर सोडावे.

सामान भरताना पहिली काट जीन्सवर मारावी. एकदा भिजलेली जीन्स दोन दिवस वाळत नाही आणि मग तिला कुबट वास येतो. सैल सुती कपडे अंगाला बरे, पण सुतात थोडा टेरिकॉटचा अंश असला तर ते दोरीवर लवकर वाळतात. चामड्याचे बूट, पट्टे आणि पर्स इथेच ठेवाव्यात; आठवड्यात त्यांवर बुरशी धरते. छत्र्या आणि रबरी सँडल तिथेच विकत घ्याव्यात, तिथल्या पावसाला त्याच टिकतात. पासपोर्ट आणि औषधे झिपच्या प्लास्टिक पिशव्यांत असावीत. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की भिंगावर बाष्प धरते. तो अर्धा तास पिशवीतच राहू द्यावा.

पण सर्वांत महत्त्वाची वस्तू वजनाला सर्वांत हलकी आहे. ती म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मलेरियाच्या गोळ्या. आठ-नऊ वर्षांपूर्वी आम्ही गेलो, तेव्हा मुलांना त्या न चुकता दिल्या. स्वतः मात्र घेतल्या नाहीत. मी दादरची, मला कसला मलेरिया! परत आल्यावर तीन आठवड्यांनी हुडहुडी भरून ताप आला. इथल्या एका दवाखान्यात फ्लू म्हणून सांगितले. मीही भारताचा उल्लेख केला नव्हता. चौथ्या दिवशी धाकट्या बहिणीचा मुंबईहून फोन आला. ती लगेच म्हणाली, "ताई, थंडी वाजून येतोय ना? आधी रक्त तपासून घे." तपासले, तर मलेरिया.

मलेरियाविरुद्धची जी थोडीफार प्रतिकारशक्ती येते, ती तिथे वारंवार संसर्ग होत राहण्यावर टिकते. देश सोडला की ती ओसरते. जन्मगाव डासाला कळत नाही! म्हणून प्रवासाच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटावे, टायफॉइड व हेपटायटिस ए च्या लशींविषयीही विचारावे. गोळ्या परत आल्यावरही काही दिवस किंवा आठवडे चालू ठेवायच्या असतात, त्या मध्येच सोडू नयेत. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि त्यावर या गोळ्यांचा उपयोग नाही. म्हणून डास पळवणारे मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. तुंबलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोचे जंतू येतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. पायाला खरचटले असेल तर त्या पाण्यात उतरू नये. उतरावेच लागले, तर घरी येऊन पाय साबणाने धुवावेत आणि डॉक्टरांना विचारावे.

आणि परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगावे : "मी भारतात जाऊन आले आहे."

एवढे सांभाळले, की मग गॅलरीत बसून गरम भजी खात पाऊस खुशाल बघावा. त्यासाठीच तर आपण इतक्या लांब जातो!