घर आणि घराखालची जागा

घर पाहावे बांधून, असे वडीलधारी माणसे म्हणत आली आहेत. पण विद्यार्थी मित्रहो, बांधण्यापूर्वी जागा हवी, तिचा विचार आपण किती करतो?

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पांढुर्णा व सौसर या तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या निघाल्या. जिल्ह्यामागून कचेऱ्या येतात, कचेऱ्यांमागून बदलीची माणसे, आणि त्यांना पहिल्या दिवसापासून खोली लागते. खोल्या मात्र त्या वेगाने बांधल्या जात नाहीत. मग भाडे चढते. सरकारी नोकराला निदान घरभाडे भत्ता असतो; बोरगावच्या कारखान्यांतील रोजंदार मजुराला तोही नाही. कोकणातून येथे आलेले आम्हीही भाडेकरूच, म्हणून हे चटकन ध्यानी आले असेल!

खेड्यांसाठी २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना आहे. किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी सपाट प्रदेशात १,२०,००० व डोंगराळ, दुर्गम भागांत १,३०,००० रुपये, काम पुढे सरकेल तसे हप्त्यांनी मिळतात. २०२४ साली योजनेची मुदत वाढली, रक्कम तीच राहिली. विटा, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी मात्र तीच राहिली नाही.

शिवाय हे साहाय्य घरासाठी आहे, जागेसाठी नव्हे. ज्याच्या नावावर वीतभर भुई नाही, त्याने पाया खणावा तरी कोठे? याच उणिवेपोटी मध्यप्रदेश शासनाने २०२१ साली भूमिहीन कुटुंबांना गावठाणात कमाल ६० चौरस मीटरचा भूखंड देण्याची योजना काढली. त्याचा पट्टा पती व पत्नी या दोघांच्या नावे होतो.