डोंगर कुठे जात नाही

गेल्या हिवाळ्यातला एक रविवार. आम्ही बोईसरहून मुलांना घेऊन अशेरी गडावर निघालो होतो. तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या घरांना असा मोकळा रविवार क्वचितच मिळतो. पण गडाच्या वरच्या कातळापाशी धाकट्याचे पाय लटपटू लागले आणि आम्ही सगळेच माघारी फिरलो. खोडकोना गावात उतरेपर्यंत तो रडत होता, "अब्बा, आपण हरलो."

रात्री जेवताना आम्ही त्याला रफीक शेख यांची हकिकत सांगितली.

रफीक शेख हे तेव्हाच्या औरंगाबाद ग्रामीण पोलीस दलात शिपाई होते. एव्हरेस्ट चढण्याच्या जिद्दीने ते 2014 मध्ये नेपाळला गेले. त्या वर्षी 18 एप्रिलला खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळला आणि वाट तयार करणारे, सामान वाहणारे 16 नेपाळी कामगार ठार झाले. नेपाळच्या बाजूची चढाई थांबली. 2015 मध्ये ते पुन्हा गेले, तर 25 एप्रिलला भूकंप झाला आणि हिमलोट बेस कॅम्पवरच आदळला. पुन्हा रिकाम्या हाताने परत. तरीही ते तिसऱ्यांदा गेले आणि 19 मे 2016 रोजी शिखरावर पोहोचले.

"एव्हरेस्ट किती उंच आहे?" धाकट्याने विचारले. 8848.86 मीटर. अशेरी साधारण पाचशे मीटरचा, म्हणजे सतरा अशेरी एकावर एक रचावेत एवढा! हे जगातले सर्वांत उंच शिखर असल्याचे 1852 मध्ये गणिताने दाखवून दिले ते राधानाथ सिकदार यांनी. नेपाळी लोक त्याला सगरमाथा म्हणतात, तिबेटी लोक चोमोलुंग्मा. आठ हजार मीटरच्या वर हवा इतकी विरळ होते, की एका श्वासात आपल्याकडच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश प्राणवायू मिळतो.

29 मे 1953 रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी तिथे पहिल्यांदा पोहोचले. तेनसिंग त्याआधी अनेकदा त्याच डोंगरावरून परतले होते. 1975 मध्ये जपानच्या जुन्को ताबेई या शिखर गाठणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या, 1984 मध्ये बचेंद्री पाल पहिल्या भारतीय महिला. 1998 मध्ये सुरेंद्र चव्हाण हे शिखरावर पोहोचणारे पहिले महाराष्ट्रीय. आणि सर्वाधिक वेळा चढण्याचा विक्रम कामी रिता शेर्पा यांचा: 2025 पर्यंत 31 वेळा! इतरांना वर नेणे हीच त्यांची रोजीरोटी. आपल्याकडे कारखान्यात राबणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आमच्या घरांत दहावीत अडकलेला मुलगा असतो, पोलीस भरतीत दोनदा मागे राहिलेला भाचा असतो. त्यांना आपण चटकन "जमलं नाही" म्हणून मोकळे होतो. पण वेळेवर मागे फिरणे ही हार नव्हे. धोका ओळखून परतणारा माणूसच पुढच्या वर्षी पुन्हा चढू शकतो. सब्र म्हणजे नुसते बसून राहणे नाही; तयारी करत थांबणे.

धाकटा आता रोज संध्याकाळी मोठ्या भावाबरोबर इमारतीचे जिने चढतो-उतरतो. इन्शाअल्लाह, येत्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा अशेरीला जाणार आहोत. डोंगर तिथेच आहे.