दृष्टीची काटकसर

या पानावरील कोणत्याही एका शब्दावर दृष्टी खिळवून, ती जराही न हलविता, चार बोटे पलीकडचा शब्द वाचण्याचा प्रयत्न वाचकाने अवश्य करून पाहावा. तेथे काहीतरी छापलेले आहे एवढे कळेल, अक्षर मात्र लागणार नाही. दृष्टिपटलावरील ज्या चिमुकल्या खळग्याने आपण वाचतो त्याची हद्द जेमतेम दोन अंशांची. बाकीचा विशाल मुलूख अंधुकच ठेवून, लक्ष जाईल तिकडे डोळा वळवून निसर्गाने सारा कारभार चालविला आहे.

कॅमेऱ्याच्या भिंगाकडून मात्र आपण विस्तृत दृश्य कडेपर्यंत सारखेच रेखीव मागतो. तिरपे येणारे किरण साध्या भिंगाला एका बिंदूत आणता येत नाहीत, आणि कडेचा तारा धूमकेतूसारखा शेपटी फुटलेला उमटतो. मग एका भिंगाचा दोष दुसऱ्याने निस्तरायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याने, अशी भिंगांची रांग लागून वजन आणि खर्च वाढत जातो.

२००१ साली अमेरिकेतील मार्टिनेझ, विक व रेस्टाइनो यांनी निराळी तजवीज मांडली, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते: भिंगे मोजकीच ठेवावीत, कडेचा अंधुकपणा खुशाल पत्करावा, आणि ज्या दिशेकडे पाहावयाचे तेवढ्यापुरता दोष द्रव स्फटिकांच्या पातळ पडद्याने दूर करावा. द्रव स्फटिक म्हणजे १८८८ साली रायनिट्झर यांना आढळलेली ती विलक्षण अवस्था, जीत पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणू स्फटिकासारखी शिस्त पाळतात. काडीसारखे हे रेणू थोड्याशा विद्युतदाबाने कलतात, आणि कलले की त्यांतून जाणाऱ्या प्रकाशाचा वेग बदलतो. पडद्याच्या प्रत्येक सूक्ष्म घराला वेगळा दाब देऊन प्रकाश कोठे किंचित अधिक, कोठे किंचित कमी रोखला, की भिंगांनी वाकडा केलेला तरंग सरळ होतो. दिशा बदलायची तर काच तसूभरही न हलविता केवळ दाबांचा नकाशा बदलावा लागतो.

अडचणी आहेत, आणि त्या लहान नाहीत. हा पडदा एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशावर काम करतो, त्यामुळे साध्या प्रकाशाचा निम्मा भाग वाया जातो. शिवाय त्याला एका तरंगलांबीहून फारसा अधिक विलंब देता येत नसल्याने, मोठ्या दुरुस्तीतून पूर्ण तरंगलांब्या वजा करून उरलेल्या अंशावरच भागवावे लागते. ही लांबी तांबड्याची निराळी, निळ्याची निराळी, म्हणून एका रंगासाठी बसविलेला हिशेब दुसऱ्या रंगाला चुकतो.